दादाची हवा

४ फेब्रुवारी, मंगळवार

आधी सगळ्यांची विचारपूस. मी दवाखान्यात, वॉर्डात आया होते तेव्हा दिवस असाच सुरू व्हायचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकही खाट न चुकवता. ती सवय काही जात नाही.

मुला, तुझा खोकला कसा आहे? काचेच्या कारखान्यातून रात्रपाळी करून येतोस आणि मान वाकडी करून झोपतोस, मग उठल्यावर म्हणतोस कुणीतरी मुरगळली. सूनबाई, कंबर कशी आहे? औषधाच्या दुकानात दिवसभर उभी राहून जगाला मलम विकतेस, घरी एक नळी आणायची आठवण होत नाही. भिंगरी, हाड कसं आहे? डॉक्टर म्हणतात जुळलं, तूही म्हणतेस जुळलं. पण सदरा घालताना अजून दुखरा हात आधी घालतेस, ते मला दिसतं. थोरल्या, तुझं काय? तुझं कळत नाही. "बरा आहे" एवढंच लिहितोस. वॉर्डात जो रुग्ण नुसतं "बरा आहे" म्हणायचा, त्याच्याच काखेत मी थर्मामीटर आधी लावायचे.

माझं सांगायचं तर रक्तदाबाचा वरचा आकडा दीडशेला टेकलाय. त्यासाठीच ही वही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज आकडा लिहा. नुसते आकडे लिहायला मला जमायचं नाही. आकड्यामागे माणूस असतो.

आणि आजपासून दोन रुग्ण वाढले. पुढचं चाक आणि मागचं चाक.

झालं असं. आमची नात भिंगरी पुन्हा डोंगरातल्या सायकलवर बसणार म्हणते. दोन मार्चला शर्यत आहे. सूनबाई आधी नाही म्हणाली, मग भांडली, मग रडली, आणि शेवटी म्हणाली, "जाऊ दे. पण चाकांतली हवा आई बघतील. आईंच्या हाताखाली तीस वर्षं माणसं जगलीत."

मी म्हटलं, "अगं, काही गेलीसुद्धा."

"तरी तुम्हीच बघा."

यामागचं दुखणं लिहिलंच पाहिजे. ऑक्टोबरात याच डोंगरावरच्या शर्यतीत, खडीच्या वळणावर, भिंगरी पडली. पुढच्या टायरने ढेकर दिला. हा दुकानदाराचा शब्द. या टायरांच्या आत ट्यूब नसते. टायरची कड रिमला धरून बसलेली असते, आणि हवा फार कमी असली की वळणावर ती कड सुटते, हवा भसकन बाहेर. चाक आडवं झालं आणि पोर खांद्यावर पडली. गळ्याजवळचं हाड मोडलं. तेव्हा हवा थोरला भरायचा. दहा वर्षांनी मोठा भाऊ, तिची सायकल तोच बघायचा, तेल, साखळी, सगळं. दवाखान्यात सगळ्यांसमोर तो म्हणाला, "माझी चूक. मी हवा कमी ठेवली." सूनबाई तेव्हा भानावर नव्हती. म्हणाली, "तुझ्या हातात चाक दिलं ही माझी चूक." मग महिन्याभरात त्याने दुसऱ्या गावी गोदामात नोकरी धरली आणि गेला. तेव्हापासून "बरा आहे."

६ फेब्रुवारी, गुरुवार

सायकलच्या दुकानात जाऊन आले. तिथे एक पांढरा द्रव बाटलीत मिळतो, तो टायरमध्ये ओततात. काटा घुसला की तो आतून भोकाशी जमतो आणि भोक बुजवतो. दुकानदार त्याचं काहीतरी लांबलचक नाव सांगत होता. मी म्हटलं, "हा तर चीक. झाडाची फांदी मोडली की येतो तो."

तो हसला. "चीकच म्हणा आजी. तीन-चार महिन्यांत वाळतो, तेव्हा बदलायचा."

तिच्या टायरातला ऑक्टोबरापासूनचा चीक वाळून पापडी झाली होती. त्याने खरवडून नवीन घातला, मोठ्या यंत्राने हवा मारली, आणि टायरची कड रिमवर बसताना असा आवाज झाला की माझा हात आपोआप छातीवर गेला. मग त्याने तीस भरली. इथे नुसतं "तीस" म्हणतात, कशाची तीस ते कुणी सांगत नाही, म्हणून मीही तसंच लिहिते.

मी विचारलं, "तीसच का?"

"तीस भरली की तक्रार येत नाही."

हे उत्तर मला वॉर्डातूनच माहीत आहे. सगळ्यांना एकच गोळी.

७ फेब्रुवारी

काल संध्याकाळपासून दहा वेळा तरी हवा मोजली. दर खेपेला कमी. आधी वाटलं चीक फसवा निघाला. मग लक्षात आलं, मोजायचा मीटर लावताना आणि काढताना दर वेळी थोडी हवा सुटते. काळजीने मोजून मोजून मीच संपवली. माझ्या रक्तदाबाचंही असंच आहे, फक्त तो मोजून मोजून वाढतो.

मीटर थोरल्याचा. जाताना टेबलाच्या खणात ठेवून गेला. पंपावरचा काटा एवढ्या कमी आकड्यांना झोपलेलाच असतो, त्याचं ऐकायचं नाही, हे तोच सांगायचा.

९ फेब्रुवारी, रविवार

पहिला सराव. मी रिक्षाने मागून गेले आणि डोंगराच्या पायथ्याशी बाकावर बसले. 

शिकवणारे सर म्हणाले, "तीस म्हणजे दगड झाला की. पुढे चोवीस करा, मागे सव्वीस. पडून उठलेली आहे, जरा जास्तच ठेवू. रिम सुरक्षित राहील."

"आणि मुलगी?"

सरांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तीही."

चोवीसवर भिंगरी उतरली ती तव्यावरच्या लाहीसारखी. प्रत्येक दगडावर उडत होती. खाली आली ती तळवे चोळत. म्हणाली, "टायर जमिनीला धरतच नाही गं. पायाला घट्ट बूट घालून शेवाळावर चालल्यासारखं."

म्हणजे कमी ठेवली तर कड सुटते आणि रिम दगडावर आपटतं. जास्त ठेवली तर पकड सुटते. दोन्हीकडून पडायचं ते पोरीनेच. अति तेथे माती हे ठीक, पण अति कुठे सुरू होतं ते कुणी सांगत नाही.

आता घरात तीन हवा झाल्यात. दुकानाची हवा, सरांची हवा आणि दादाची हवा. दादाची म्हणजे पुढे अठरा, मागे वीस. पंपाच्या दांड्यावर चिकटपट्टी आहे, तीवर थोरल्याच्या अक्षरात लिहिलंय. सूनबाई म्हणाली होती खरवडून टाका. मी हो म्हटलं आणि विसरले. मला विसरायचं असलं की छान विसरता येतं.

एक गोष्ट मात्र खटकली. पूर्वी ही पोर जाता-येता अंगठ्याने टायर दाबून बघायची, कलिंगड घेताना बघतात तसं. आता चाकाला हात लावत नाही. व्हॉल्व्हच्या टोपणाला तर नाहीच. म्हणते, तूच बघ. पडल्याची भीती दुसरं काय. दुधाने तोंड पोळलंय, ताक फुंकून प्यायचं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज भिंगरीने स्वतःहून चाकांबद्दल विचारलं, मला बरं वाटलं. मी हवा मोजत होते. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी.

"आजी, व्हॉल्व्हची पिन दाबून एकदा फुस्स केलं तर किती कमी होते?"

"बघू की." मी करून बघितलं. साधारण दीड.

"आणि दोनदा?"

पुन्हा केलं. "तीन. पण नखाने किती वेळ दाबतेस त्यावर आहे."

"म्हणजे अठराची पंधरा."

"हो. पण अठरा ठेवतंय कोण? आपली चोवीस आहे."

 मला अभिमान वाटला, पोरीचं डोकं हिशोबी आहे. संध्याकाळी जेवली मात्र नाही. भाजी खारट झाली असावी. सूनबाईने दोनदा वाढून घेतली, पण ती दमून आली की तिला चव कळत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

थोरल्याला लिहिलं होतं, शर्यत आहे, ये. उत्तर आलं. "सुट्टी नाही. बरा आहे."

सूनबाई चहा घेत होती. मी वाचून दाखवलं. ती कपातच बघत म्हणाली, "सुट्टी मागितली असेल का त्याने?"

मुलगा अंथरुणातून म्हणाला, "तुझ्यावरच गेलाय. तूही मागत नाहीस."

"मी काय मागायचं?"

"सुट्टीच म्हणतोय मी."

ती दोघं सुट्टीबद्दल बोलत नव्हती, एवढं मलाही कळतं. भिंगरी उठून गच्चीवर गेली. भावाचा विषय निघाला की ही पोर उठून जाते. रागावली असेल त्याच्यावर. हाड तिचं मोडलं, राग येणारच. पण आपलेच दात, आपलेच ओठ. किती दिवस धरून बसणार?

१९ फेब्रुवारी, बुधवार

आजचा आकडा एकशे साठ. कारण लिहिते.

उद्या दुपारी पुन्हा डोंगरावर सराव, तोही खडीच्या वळणावरून. गेले दोन सराव सरांच्या हवेवर झाले आणि दोन्ही वेळा ती वळणाआधी उतरून सायकल हातात धरून चालत आली. सर काही बोलत नाहीत. त्यांच्या न बोलण्याने पोर आणखी आक्रसते.

ती शाळेत होती. मी फोनवर लिहून विचारलं, "उद्यासाठी सरांचीच हवा ठेवू ना? की काही वेगळं हवं?"

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "दादा हवा"

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. दादा हवा. म्हणजे अठरा-वीस. ज्या हवेने पडली तीच पुन्हा.  पण मग वाटलं, भीतीतून बाहेर यायचा हाच रस्ता तिने धरला असेल. बाळंतपणात एकदा मरता मरता वाचलेल्या बायका पुन्हा त्याच खोलीत येतात, मी पाहिल्यात. आपण अडवणारे कोण? आणि भावावरचा राग गेल्याचीही ही खूण म्हणायची. त्याची हवा मागते म्हणजे त्याला माफ केलं.

मी उलट लिहिलं, "बरं. भरून ठेवते. काळजी करू नकोस." तिने त्यावर काही लिहिलं नाही.

चिकटपट्टी बघून भरली. पुढे अठरा, मागे वीस. मोजली फक्त एकदा. सूनबाईला सांगितलं नाही. मूग गिळून बसलेय आणि ते मूग घशात अडकलेत.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज रिक्षा मिळेना, म्हणून मला डोंगरावर जाता आलं नाही. घरी बसून राहिले. दळण निवडायला घेतलं, तर खडे ठेवले आणि दाणे फेकले.

भिंगरी आली ती चेहरा कागदासारखा करून. अंगावर खरचटल्याची खूण नाही, कपडे स्वच्छ. सायकल भिंतीला लावली आणि मला म्हणाली, "पुढे किती आहे?"

"अठरा. तूच म्हणालीस ना?"

"मी कधी म्हणाले?"

मी फोन काढून दाखवला. तिने वाचलं. पुन्हा वाचलं. मग खाली जमिनीवर बसली, सायकलला पाठ लावून.

"आजी, मला हवा नको होती. दादा हवा होता."

मी उभीच. एवढं आयुष्य हीच भाषा बोलले, आणि दोन शब्द वाचता आले नाहीत. मी तिच्या हवेतच अडकले होते, माणूस मागतेय हे कुठून दिसणार?

मी म्हटलं, "पडलीस का गं? खरं सांग. माझ्या मूर्खपणाने पुन्हा तुझं हाड..."

"नाही पडले."

"मग रडतेस का?"

"नाही पडले म्हणूनच."

मला काही कळेना. पाणी दिलं, ते प्यायली नाही. मग तुटक तुटक बोलत गेली. निघाल्यापासून टायर मऊ लागत होते, पण छान लागत होते, पूर्वीसारखे. तिला वाटलं आपली भीती कमी झालीय. खडीचं वळण आलं तेव्हा उतरायचं राहूनच गेलं. टायरने जमीन अशी धरली की वळण संपल्यावर कळलं, वळण होतं. खाली सर म्हणाले, आज किती ठेवलीय, बघू. त्यांनी मोजली आणि म्हणाले, अठरा, छान आहे की.

"अठरा छान आहे, आजी. अठरा तेव्हाही छानच असणार. दादाने अठराच भरली होती."

"मग तेव्हा ढेकर का दिला टायरने?"

ती चाकाकडे बघत होती. "आदल्या दिवशी पाऊस झाला होता. सुरुवातीच्या रेषेवर शेजारी उभी असलेली एक मुलगी म्हणाली, ओलं आहे, थोडी सोड. दादा खाली वळणावर थांबला होता. मी सोडली. दोनदा."

फुस्स, फुस्स. अठराची पंधरा. मीच मोजून दाखवली होती तिला, आणि वर तिच्या हिशोबाचा अभिमान मिरवला होता.

"इतके महिने मी स्वतःला सांगत होते की त्याचीच कमी असेल," ती म्हणाली. "तो स्वतःच म्हणाला ना. मग मला बोलायची गरजच नाही, असं वाटायचं. आज तेही गेलं."

मी तिला जवळ घेतलं.  वॉर्डात अशा वेळी मी चादर नीट करायचे. इथे चादर नव्हती, तिच्या बुटाची नाडी बांधली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

तिने आज भावाला फोन लावला. मला म्हणाली, "तू इथेच बस." मी कपड्यांच्या घड्या घालत बसले, पण एकाच टॉवेलची घडी पुन्हा पुन्हा घालत होते. फोन तिने मोठ्या आवाजावर ठेवला होता.

"दादा, ऐक ना. तुझी हवा बरोबर होती."

"कुठली हवा?"

तिने सांगितलं. सगळं, शेजारच्या मुलीपासून. पलीकडे गोदामातला आवाज येत होता, ढकलगाडीची चाकं वाजत होती. मग ती थांबली.

"किती सोडलीस?"

"दोनदा."

"नखाने की मीटरने?"

"नखाने."

"म्हणजे पंधरा. किंवा साडेचौदा." याही वेळी पोराने आधी हिशोब केला. मग आवाज बदलला. "दवाखान्यात का नाही बोललीस?"

"तू आधी बोललास ना, माझी चूक म्हणून."

"मी बोललो आणि तू बोलू दिलंस."

"घाबरले होते, दादा."

"तेव्हा घाबरलीस, ठीक. दिवाळखोर माणूसही एवढा वेळ तोंड लपवत नाही गं. मला इथे वाटायचं, माझ्या हातातच काहीतरी खोट आहे. इथे काटा लावताना, वजन करताना, दुसऱ्याला विचारतो मी. बघ रे, बरोबर आहे का. हसतात."

ती रडायला लागली. तो म्हणाला, "मला काम आहे," आणि फोन ठेवला.

टॉवेल माझ्या हातातच राहिला. मला वाटलं होतं, खरं बोललं की गाठ सुटते. इथे गाठ दिसायला लागली एवढंच.

२३ फेब्रुवारी, रविवार

सूनबाईला भिंगरीने स्वतःच सांगितलं. मी म्हटलं होतं मी सांगते, तर म्हणाली, "नको, पुन्हा दुसऱ्याने नको."

सूनबाई ऐकत राहिली. ओरडेल असं वाटलं होतं. तिने नुसतं विचारलं, "तो काय म्हणाला?" आणि मग उठून बाहेर गेली. बऱ्याच वेळाने मी बघायला गेले तर सायकलपाशी उकिडवी बसली होती, कंबरेवर हात ठेवून.

"आई, हवा इथूनच भरतात ना?"

"हो. ते टोपण काढून."

"मी चाकावर कधी नीट नजरही टाकली नव्हती. आणि त्याला म्हणाले..." तिने टोपण उगाच फिरवून बघितलं. मग म्हणाली, "तुम्ही लिहा त्याला. माझ्याने होणार नाही."

"तू लिहिलंस तर त्याला जास्त बरं वाटेल."

"मला शब्द सुचत नाहीत हो. चिठ्ठीवर डॉक्टरांचं अक्षर लावता येतं मला, पण हे नाही."

मुलगा दारात येऊन उभा होता, झोपेतून उठलेला. तो म्हणाला, "सुट्टी माग म्हणावं. तेवढं तर लिहिता येईल."

ती हसली नाही. पण फोन घेऊन आत गेली.

२४ फेब्रुवारी

सूनबाईने काहीतरी लिहिलंय. काय ते विचारलं नाही. दुकानातून दोनदा फोन करून मला विचारलं, "तुम्हाला काही आलं का?" म्हणजे तिलाही आलं नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

काही नाही.

भिंगरी म्हणते, शर्यतीत उतरत नाही. "त्याने हवा सांगितल्याशिवाय मी नाही बसणार." सर म्हणतात, मी सांगतो की, अठरा-एकोणीस. ती म्हणते, तुमच्यावर भरवसा आहे सर, पण नाही. सरांना वाईट वाटलं. माझ्या जिवाला दोन घोर. उतरली तर पडेल की काय, आणि नाही उतरली तर ही पोर आयुष्यभर त्या वळणावरून सायकल हातात धरून चालत राहील.

मी थोरल्याला विचारपूस लिहिली नाही या वेळी. सरळ लिहिलं, "तुझ्या बहिणीची चूक आहे, तू रागावणार, रागावलं पाहिजेस. पण रविवारी हवा किती ठेवू ते मला कळत नाही. मला सांग. मी म्हातारी आहे, दोन शब्द नीट वाचता येत नाहीत मला." आणि दादा हवाची सगळी गोष्ट लिहून पाठवली. माझी फजिती वाचून तरी हसेल.

१ मार्च, शनिवार

सकाळी फोन वाजला. थोरल्याचे शब्द.

"वजन किती आहे तिचं आता?"

भिंगरीला औषधाच्या दुकानातल्या काट्यावर उभं केलं. सूनबाईने आकडा दोनदा वाचला आणि मला म्हणाली, "पाठवा, पाठवा." पाठवला.

"जमीन?"

"कोरडी. भुसभुशीत माती, खाली खडी."

दुपारपर्यंत काही नाही. मी जेवताना फोन ताटाशेजारी ठेवला, त्यावर वरणाचा डाग पडला. मग आलं.

"पुढे १९. मागे २१. सकाळी थंडीत भर. ऊन चढलं की आकडा एखाद्याने वर जाईल, तो मोजून ठेव. आपल्या मीटरनेच मोज, दुसऱ्याचा घेऊ नकोस."

आपल्या मीटरने, असं लिहिलंय. मी ते सूनबाईला दाखवलं. ती "आपल्या" या शब्दावर बोट ठेवून बसली होती. भिंगरीला दाखवलं तर तिने आकडे वाचले आणि विचारलं, "माझ्याबद्दल काही?"

"तुझं वजन विचारलंय की."

"ते चाकासाठी, आजी."

मला खोटं बोलता आलं नाही. येईल असं लिहिलेलं नाही. माफ केलं असंही नाही. ती म्हणाली, "सकाळी मीच भरते. आज नुसतं मोजू." इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिने टोपणाला हात लावला. मी मीटर धरला. 

२ मार्च, रविवार, संध्याकाळ

फोनवर मला लांबलचक लिहिता येत नाही, बोट चुकतं. म्हणून आधी इथे लिहिते आणि मग सूनबाईकडून जसंच्या तसं फोनवर लिहून घेणार.

थोरल्या,

शर्यत झाली. भिंगरी पडली नाही. चौदावी आली. पहिल्या दहांत आली असती, पण खडीच्या वळणावर एक मुलगी पडली होती, तिच्यासाठी थांबली. सर रागावले. मी नाही रागावले.

आता चाकाचं. सकाळी तू म्हणालास तसं थंडीत एकोणीस-एकवीस भरलं. पण शर्यत लांबली. कुणाची तरी गाडी यायची होती, ती आलीच नाही. तोवर ऊन डोक्यावर आलं. रेषेवर उभी असताना भिंगरीने अंगठ्याने पुढचं टायर दाबलं आणि मला हाक मारली. दोरीच्या बाहेरून मी गेले, एका माणसाने अडवलं तर त्याला म्हटलं, मी तिची आजी आहे आणि तिचा मीटर माझ्याकडे आहे. मोजलं. वीस पूर्णांक काहीतरी. ती म्हणाली, "जास्त झालीय. मी सोडते. दादाला विचारायला वेळ नाही, पण त्याला कळव. मी सोडली, एकदा, तुझ्यासमोर." आणि नखाने नाही, मीटरचं बटण दाबून सोडली. एकोणीसवर आली. शेजारी उभी असलेली एक मुलगी हसली. भिंगरीने तिच्याकडे बघितलंच नाही.

घरी आल्यावर मोजलं तर पुढे साडेसतरा निघाली. दुपारनंतर गार झालं म्हणून उतरली, की वळणावर थोडी गेली, की मी मोजताना सुटली, मला कळत नाही. कडेला चीक बाहेर आलेला दिसतोय, बोटाएवढा. तो आजचा की आधीचा? रिमला पोचा नाही, बोट फिरवून बघितलं.

ती तुझी वाट बघत दारात बसली नाहीये, तसं मी लिहिणार नाही. जेवली आणि झोपली, फार दमली होती. पण झोपण्याआधी म्हणाली, "त्याने चूक म्हटलं तर चूक. मी ऐकून घेईन. पण त्याने म्हटलं पाहिजे." तुझी आई इथे माझ्या शेजारी बसलीय आणि हे सगळं वाचतेय. तिने काय लिहिलं होतं तुला ते मी विचारलं नाही, तूही मला सांगू नकोस. पण तिला उत्तर दे. आठवडा होत आला, बाई दुकानात चुकीच्या बरण्या उघडते.

तर तिने सोडली ते बरोबर केलं की चूक, ते तू सांग. रागावायचं असेल तर सविस्तर रागाव, वाटेल तेवढ्या शिव्या घाल, मी वाचून दाखवीन. नुसतं "बरा आहे" पाठवू नकोस, ते मी उत्तर धरणार नाही. चाक आत्ता भिंतीला टेकवून ठेवलंय, तू सांगेपर्यंत कुणी हवा भरणार नाही त्यात. लवकर लिही.